आयर्लंडमधली कॉम्प्युटरची जुळणी : कॉर्क, गॉलवे, लिमरिक

जुळारी

दिवाळीआधी सदाशिव पेठेतला आमचा बंद पडलेला छापखाना रिकामा करत होतो. छपाईची ट्रेडल केव्हाच भंगारात गेली होती, खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, केसही गेल्या होत्या. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला अॅपलचा एक मॅकिंटॉश क्लासिक कॉम्प्युटर निघाला. १९९१ च्या अखेरीस बाबांनी कर्ज काढून घेतलेला, नऊ इंची काळापांढरा पडदा असलेला. आमचे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार, पहिल्यांदा त्याच्यापुढे बसले ते बिचकतच, पण सहा महिन्यांत लग्नपत्रिका त्याच्यावरच निघू लागल्या.

मशीन पुसायला उलटं केलं, तर मागच्या लेबलावर आयर्लंडचं नाव. लहानपणी ते शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलं असणार, पण कंपनी अमेरिकेची आणि मशीन आयर्लंडचं, हे असं का, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. आता पडला. गेले दोन महिने मिळेल ते वाचतोय. जे हाती लागलं ते इथे मांडतो, तिकडे राहणाऱ्यांनी भर घालावी.

सुरुवात कॉम्प्युटरच्या बरीच आधीची आहे. १९५० च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे ४ लाख माणसं देश सोडून गेली. १९६१ च्या जनगणनेत उरलेली लोकसंख्या होती २८ लाख. शेती, गुरं, थोडी दारू आणि बिस्किटं, बाकी उद्योग असा नव्हताच. बाहेरच्या मालावर भारी जकात लावून देशी कारखाने जगवायचे हे धोरण तीसेक वर्षं चाललं होतं आणि त्यातून घरटी एक माणूस बोटीवर चढत होतं. १९५६ मध्ये निर्यातीच्या नफ्यावर करसवलत आली. १९५८ मध्ये अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांनी दारं उघडा, परकी भांडवल येऊ द्या, असं सांगणारा अहवाल दिला. १९५९ मध्ये शॅनन विमानतळाला लागून मुक्त क्षेत्र, म्हणजे जकात नसलेला औद्योगिक भाग, उभं राहिलं. त्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेहून येणारी विमानं पूर्वी इंधनासाठी शॅननला उतरत. जेट विमानं आली आणि उतरायची गरज संपायला लागली. विमानतळ ओस पडणार हे ओळखून ब्रेंडन ओ'रेगन यांनी तिथेच कारखाने आणायचं ठरवलं. जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकानही त्यांनीच १९४७ मध्ये शॅननला काढलं होतं.

मग १९७१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही अमेरिकी कॉम्प्युटर कंपनी गॉलवेला आली. तेव्हाचा मिनीकॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं यंत्र. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात) गेलं आणि चित्रच पालटलं. अमेरिकेत बनलेलं यंत्र युरोपात आणायचं तर जकात. तेच आयर्लंडमध्ये जुळवलं तर जकात नाही, वर भाषा इंग्रजी आणि निर्यातीच्या नफ्यावर कर नाही.

१९८० मध्ये अॅपलनं कॉर्क शहराच्या उत्तरेला हॉलीहिलला कारखाना काढला. सुरुवातीला माणसं होती ६०. पुढच्या चार वर्षांत त्याच शहरातला डनलॉपचा टायरचा कारखाना, फोर्डचा मोटारींचा कारखाना आणि व्हेरोल्मे ही जहाजबांधणीची गोदी, अशा तिन्ही ठिकाणी टाळं लागलं. फोर्ड तिथे १९१७ पासून होती. गिरण्या बंद पडल्यावरचं परळ-लालबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या गावाची अवस्था मी वेगळी सांगायला नको. आमच्या माळ्यावरचं मशीन त्या गावातून आलंय.

कोकणचा_राजा

धागा आवडला, वाचनखूण साठवली. पण मला वाटतं सगळं एका शब्दात आटपतं : कर. कर नाही म्हणून आले, दुसरीकडे मजुरी स्वस्त मिळाली तशी गेले. त्यात आयर्लंडचं कर्तृत्व काय?

शॅननकाठ

लिमरिकमध्ये १४ वर्षं राहतोय, म्हणून लिहायलाच हवं.

इथला रहीन औद्योगिक भाग म्हणजे आपल्याकडची एमआयडीसीच. डेल तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि युरोपभरची यंत्रं इथून जायला लागली. त्यांच्या पद्धतीचं वेगळेपण असं की तयार मशीन गोदामात पडून नसायचं. गिऱ्हाइकानं फोनवर, पुढे इंटरनेटवर मागणी नोंदवली की ती कारखान्यात उतरायची. त्या मागणीच्या कागदाप्रमाणे एका ट्रेमध्ये मदरबोर्ड, हार्डडिस्क, मेमरी, पॉवर सप्लाय असे सुटे भाग गोळा व्हायचे, तो ट्रे जुळणी करणाऱ्याच्या पुढ्यात यायचा, मशीन जुळायचं, चाचणी व्हायची, सॉफ्टवेअर भरलं जायचं आणि खोक्यात बंद होऊन ट्रकमध्ये. जर्मनीच्या ऑर्डरला जर्मन कीबोर्ड, फ्रान्सच्या ऑर्डरला फ्रेंच. सुट्या भागांचा साठा पुरवठादारांनी जवळपासच्या गोदामांत ठेवायचा, लागेल तसा मागवायचा. त्यामुळे कारखान्यात काम करणारी माणसं जितकी, तितकीच बाहेर गोदामात, ट्रकवर, खोकी बनवण्यात, कँटीनमध्ये.

८ जानेवारी २००९. जुळणीचं काम पोलंडमधल्या वूच शहरात हलवणार आणि १९०० नोकऱ्या जाणार, असं जाहीर झालं. लिमरिक हे काही मोठं शहर नव्हे. तेव्हा तर लाखाच्या आतलं गाव, त्यात १९०० पगार आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले बाकीचे. मी त्यानंतर आलो, पण गावातल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाशी बोला, तो काळ मोजताना 'डेल जायच्या आधी' आणि 'डेल गेल्यावर' असंच म्हणतो.

एक गोष्ट मला फार लागते. सप्टेंबर २००९ मध्ये युरोपीय आयोगानं पोलंडला त्या वूचच्या कारखान्यासाठी ५ कोटी ४५ लाख युरोचं सरकारी साहाय्य द्यायला परवानगी दिली. आणि त्याच सुमाराला लिमरिक परिसरातल्या २४०० कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी युरोपीय निधीतून १ कोटी ४८ लाख युरो मंजूर झाले. एका हातानं कारखाना न्यायला मदत, दुसऱ्या हातानं मागे राहिलेल्यांना मलमपट्टी. पोलंडमधल्या माणसालाही काम हवंच होतं, त्यात त्याचा दोष नाही. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पोटात कालवतं.

जुळारी

शॅननकाठ, अशाच लिखाणासाठी धागा काढला होता.

कोकणचा_राजा, कराचा वाटा मी नाकारत नाही. १९८१ पासून तर निर्यात असो नसो, सगळ्याच कारखानदारीला फक्त १० टक्के कर लावला. २००३ मध्ये बहुतेक धंद्यांना साडेबारा झाला. पण कर कमी असलेली बेटं जगात ढिगानं आहेत, तिथे कोणी मिनीकॉम्प्युटर जुळवले नाहीत. १९६७ पासून आयर्लंडनं माध्यमिक शिक्षण फुकट केलं. १९७० च्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रशिक्षणाची कॉलेजं निघाली. १९७२ मध्ये लिमरिकला जी उच्चशिक्षण संस्था सुरू झाली, तिचंच १९८९ मध्ये विद्यापीठ झालं, तिथे तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणूनच विद्यार्थ्यांना कारखान्यात काम करायला पाठवत. इलेक्ट्रॉनिक्समधली माणसं कमी पडताहेत म्हटल्यावर दुसऱ्या विषयांच्या पदवीधरांसाठी खास छोटे अभ्यासक्रम काढले. कर पहिल्या दिवशी कामाला येतो, पण दहाव्या वर्षी कंपनी तिथे का थांबते याचं उत्तर त्यात मिळत नाही.

गार्गी_ग

मी गॉलवेत राहते, वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात काम करते. जुळारींच्या मुद्द्याला माझ्याकडे जिवंत पुरावा आहे.

आमच्या शेजारचे आजोबा १९७४ पासून इथल्या एका कॉम्प्युटर कारखान्यात होते. त्यांच्या घरी चहाला गेले की ते 'गरम खोली'बद्दल सांगतात. जुळून तयार झालेली यंत्रं एका तापवलेल्या खोलीत तासन्‌तास चालत ठेवायची. ज्या भागात खोट असेल तो तिथेच मरायचा, गिऱ्हाइकाकडे जाऊन मरायचा नाही. बाहेर अटलांटिकवरचा पाऊस आणि वारा, आत दार उघडलं की गरम हवेचा लोट अंगावर आणि शेकडो पंख्यांची घरघर. आजोबा म्हणतात, काही महिन्यांनी आवाजावरून कळायला लागलं की कुठल्या रांगेतला पंखा जड चाललाय. त्यांचे वडील शेतकरी होते. आजारी गाय ओळखावी तसं मी यंत्र ओळखायचो, असं ते म्हणतात आणि ते म्हणताना दोन्ही हात कानामागे नेऊन दाखवतात.

आता जाहीर इतिहास. डिजिटलनं १९९३ मध्ये गॉलवेतलं हार्डवेअरचं उत्पादन बंद केलं, युरोपसाठी स्कॉटलंडमधल्या एअर गावचा कारखाना ठेवला. ७८० नोकऱ्या गेल्या. सॉफ्टवेअरचा विभाग मात्र इथेच राहिला. सगळे म्हणत होते की गॉलवे संपलं. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, बॉस्टन सायंटिफिक इथे आली. आज गॉलवे हे युरोपातल्या वैद्यकीय उपकरणांच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचे स्टेंट इथे बनतात. चाचणीची शिस्त, स्वच्छ खोलीतलं काम, प्रत्येक पायरीची नोंद ठेवायची सवय, पुरवठादाराशी कसं बोलायचं याचं ज्ञान, हे सगळं ज्या माणसांत होतं ती गावातच होती. काहींनी नव्या कारखान्यांत काम धरलं, काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. माझी पहिली साहेबीण तशीच कॉम्प्युटरच्या कारखान्यातून आलेली. तिनं मला नोंदवही लिहायला शिकवलं, आजही मी तशीच लिहिते.

सुमेधा_काळे_नाही

गार्गी, साहेबीण म्हणालीस म्हणून आठवलं. या कारखान्यांत जुळणीच्या रांगेवर मोठ्या संख्येनं बायका होत्या. आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची, ही अट १९७३ मध्ये उठली. म्हणजे डिजिटल गॉलवेला आली तेव्हा ती अट चालू होती! सरकार ज्या बाईला लग्नानंतर घरी पाठवत होतं, तिला कारखाना पगार देत होता. आयर्लंडच्या उद्योगाबद्दल लिहिताना लोक मंत्री आणि कर यांच्यावर पानंच्या पानं लिहितात, या बायकांवर दोन ओळी. कोणी आणखी लिहू शकत असेल तर जरूर लिहा.

सीप्झ_७८

मी ७८ साली मुंबईत सीप्झ या निर्यात क्षेत्रात नोकरीला लागलो, त्यामुळे हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा.

अंधेरीचं सीप्झ १९७३ चं. शॅननच्या मुक्त क्षेत्रानंतर १४ वर्षांनी. कल्पना तीच : कुंपण घालायचं, आत जकात नाही, बनवलेला माल परदेशी पाठवायचा. शॅननचा नमुना पाहायला जगभरातून लोक जात. १९८० मध्ये चीनमधून जे पथक गेलं त्यात जियांग झेमिन होते, पुढे तेच चीनचे अध्यक्ष झाले.

मग आपलं वेगळं का झालं? कुंपणाबाहेर काय होतं ते पाहा. शॅननच्या कुंपणाबाहेर १९७३ नंतर सगळी युरोपीय बाजारपेठ खुली होती. आमच्या कुंपणाबाहेर परवाना, कोटा आणि भरमसाठ जकात. आतल्या कारखान्यानं बाहेरच्या ठाणे-बेलापूरच्या कारखान्याकडून काही घ्यायचं म्हटलं तर कागदपत्रांतच महिना जायचा. मी स्वतः एका साध्या कनेक्टरसाठी अकरा सह्या घेतल्या आहेत. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून गेली, आयर्लंडमध्ये ती १९५६ पासून होती आणि १९९० च्या दशकात डबलिनजवळ मलहडर्टला तिनं मोठा परिसर उभारला. आम्ही हुशार नव्हतो असं नाही. आमच्या खोलीतली निम्मी मुलं नंतर अमेरिकेत जाऊन तीच यंत्रं बनवायला लागली.

मन्याबापू

आयर्लंडची स्वतःची अशी कॉम्प्युटर कंपनी झाली का? का फक्त दुसऱ्यांची खोकी भरली?

जुळारी

मन्याबापू, नेमका प्रश्न. हाच प्रश्न आयर्लंडच्या सरकारनेही विचारला होता. १९८२ मध्ये टेलेसिस नावाच्या सल्लागार संस्थेनं अहवाल दिला आणि स्पष्ट सांगितलं की परक्या कंपन्यांवर इतकं विसंबून राहू नका, त्यांचं संशोधन, विक्री, निर्णय सगळं बाहेर आहे, इथे फक्त जुळणी आहे. त्यानंतर स्थानिक पुरवठादार वाढवायचे प्रयत्न झाले. प्लॅस्टिकचे साचे, केबल, पत्र्याच्या पेट्या, पुस्तिकांची छपाई. छपाईवाला म्हणून मला यातलं शेवटचं फार जवळचं वाटतं. मायक्रोसॉफ्ट १९८५ मध्ये डबलिनच्या सँडिफोर्डला आली ती फ्लॉप्यांवर सॉफ्टवेअर उतरवून खोक्यात भरायला. प्रत्येक खोक्यात जाडजूड पुस्तिका, त्या प्रत्येक युरोपीय भाषेत. त्यातून डबलिनच्या आसपास छापखाने, बांधणीवाले, भाषांतरकार यांना बरकत आली. पुढे सीडी आली, मग इंटरनेट, आणि कागदाचं काम आटलं. भाषांतराचं मात्र टिकलं, वाढलं.

पण जगभर नाव झालेली आयरिश बनावटीची कॉम्प्युटर कंपनी उभी राहिली नाही, हे खरंच. १९९० च्या दशकात युरोपात विकल्या जाणाऱ्या दर तीन पीसींपैकी साधारण एक आयर्लंडमध्ये जुळलेला असायचा. डेल, अॅपल, डबलिनच्या क्लॉनशॉला १९९३ मध्ये आलेली गेटवे. खोक्यावर नाव मात्र अमेरिकेचं. गेटवेनं २००१ मध्ये गाशा गुंडाळला, सुमारे ९०० माणसं घरी बसली.

अवांतर : यंत्रानं गणित करायची कल्पना मात्र त्या भूमीला नवी नाही. ज्याच्या बीजगणितावर प्रत्येक कॉम्प्युटर चालतो तो जॉर्ज बूल १८४९ पासून कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा प्राध्यापक होता. १९०९ मध्ये डबलिनच्या पर्सी लडगेट यानं एका विश्लेषक यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. यंत्र बनलं नाही. आणि एनियाक या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरच्या पहिल्या प्रोग्रॅमरांपैकी के मॅकनल्टी या डोनेगॉलमध्ये जन्मलेल्या.

वेफर

उशिरा आलो. सगळे पेटीच्या जुळणीबद्दल बोलताय, पेटीच्या आतल्या चिपबद्दल मी लिहितो.

डबलिनच्या पश्चिमेला लीक्सलिप नावाचं गाव आहे. नाव व्हायकिंगांनी दिलेलं, अर्थ 'सामन माशाची उडी'. तिथे घोडे पैदास करायचं एक फार्म होतं. १९८९ मध्ये इंटेलनं ती जागा निवडली. युरोपातले बरेच देश शर्यतीत होते. इंटेलची शंका अशी होती की आयर्लंडमध्ये पदवीधर आहेत, पण कारखाना चालवलेले अनुभवी इंजिनिअर कुठे आहेत? ते होते, पण अमेरिकेत. आयर्लंडच्या औद्योगिक विकास प्राधिकरणानं परदेशी काम करणाऱ्या शेकडो आयरिश इंजिनिअरांना गाठलं, बोलून घेतलं, योग्य काम मिळालं तर परत याल का विचारलं आणि ती यादी इंटेलपुढे ठेवली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट वाटते. चाळीस वर्षं ज्या देशानं पोरांना बोटीवर बसवलं, त्यानं त्याच पोरांचे पत्ते शोधून काढले.

आधी तिथे बोर्ड आणि पीसी जुळवत, १९९३ मध्ये चिपचा कारखाना सुरू झाला आणि पेंटियम तिथे बनू लागले. २००४ मध्ये ३०० मिलिमीटरच्या चकत्यांचा (ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या वेफरांचा) कारखाना, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये फॅब ३४ हा चिपचा कारखाना सुरू झाला, अतिनील किरणांनी सर्वांत बारीक नक्षी छापणारा. त्या एका विस्तारावर १७ अब्ज युरो खर्च झाले. हा कारखाना उचलून पोलंडला नेता येत नाही, हे कोकणचा_राजा यांनी लक्षात घ्यावं. ट्रे आणि स्क्रू-ड्रायव्हर एका वर्षात हलतात, असा कारखाना हलत नाही.

कोकणचा_राजा

वेफर, मान्य. पण कर म्हटलं की अॅपलचं प्रकरण टाळून चालणार नाही. २०१६ मध्ये युरोपीय आयोगानं सांगितलं की आयर्लंडनं अॅपलला बेकायदा सवलत दिली, १३ अब्ज युरो वसूल करा. आयर्लंड सरकार स्वतःच म्हणालं, आम्हाला पैसे नकोत, आणि कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचंच म्हणणं उचलून धरलं. स्वतःच्या तिजोरीत येणारे पैसे नको म्हणणारं सरकार! मला यात कंपन्यांची भीतीच दिसते. माणसं घडवली हे खरं, पण त्यांच्यासाठी किती वाकायचं याचाही हिशेब मांडायला हवा.

(अवांतर : त्या काळात मंत्री असलेले आणि नंतर पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते घरच्यांसह गावी आले होते, आम्ही सगळे बघायला गेलो होतो.)

शॅननकाठ

राजासाहेब, तुमचा हा मुद्दा मला पटतो. लिमरिकमध्ये राहून तो नाकारता येत नाही. पुनर्प्रशिक्षणात पंचविशीतली मुलं पुढे गेली. माझ्या रस्त्यावर एक गृहस्थ आहेत, जुळणीचं काम सुटलं तेव्हा ५३ वर्षांचे होते. पाच महिने कॉम्प्युटरचाच अभ्यासक्रम केला, पुन्हा कारखान्याची नोकरी लागली नाही. आता शाळेची बस चालवतात. गॉलवेची गोष्ट खरी आहे, ही पण खरी आहे.

गार्गी_ग

जुळारीकाका, दोन कामं. एक, मशीन चालू करून पाहू नका. त्या क्लासिकच्या आत छोटी बॅटरी असते, इतक्या वर्षांत ती फुटून बोर्ड खाते. लांब दांड्याचा टॉर्क्स १५ नंबरचा स्क्रू-ड्रायव्हर लागेल, वरचे दोन स्क्रू मुठीच्या खोबणीत खोल असतात. पडद्याच्या नळीला हात लावू नका, जाणकार माणूस बोलवा. दोन, मागचा क्रमांक सांगा. शेजारच्या आजोबांना धागा वाचून दाखवला, मराठीतून इंग्रजी करत. त्यांना क्रमांक हवाय.

जुळारी

काल बुधवार पेठेतल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्यांना घरी आणलं. बॅटरी काढली. बाजूला थोडा हिरवा डाग पडलाय, बोर्ड शाबूत आहे.

क्रमांक सी १२३ नं सुरू होतो, पुढचे आकडे इथे देत नाही.

गार्गी_ग

आजोबांनी लगेच सांगितलं. सी म्हणजे कॉर्क. १ म्हणजे १९९१. २३ म्हणजे तेविसावा आठवडा. जूनचा पहिला आठवडा, जुळारीकाका. आजोबा म्हणाले, त्या दिवसांत इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, दुसऱ्या पाळीतली माणसं उजेडातच घरी गेली असतील.

जुळारी

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मशीनच्या मागच्या लेबलावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, त्या आजोबांचं नाव काय? नाव इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा गार्गीताई. बाबांना पत्र लिहायचंय, आणि ते याच मशीनवर जुळवायचंय, चालू झालं तर.